तारीख नसलेली काच

समितीच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. मामाचा परिचय लिहून द्या, दोनशे शब्दांत, शुक्रवारपर्यंत. खाली मुद्देही घालून दिलेत: जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार, छंद. मामाचा जन्म कधीचा ते मामालाही धड माहीत नाही. शिक्षण चौथी, पुरस्कार शून्य. राहिले कार्य आणि छंद, तर ते दोन्ही एकच आहे आणि दोनशे शब्दांत मावणारं नाही. शिवाय त्यात मला माझंही एक काम लिहावं लागणार आहे, जे अध्यक्षांनी मागितलेलं नाही. तेव्हा कागद जास्त लागतील, त्यांनी रागावू नये. रागावले तरी हरकत नाही, गेला दीड महिना मीही त्यांच्यावर रागावलेलीच आहे.

मामा गवंडी. हातातली थापी खाली ठेवून त्याला बारा वर्षं झाली, पण गावात त्याला अजून सगळे काचमामा म्हणतात. ज्यांचा तो मामा लागत नाही तेही म्हणतात, आणि जे त्याच्याहून वयाने मोठे आहेत तेही म्हणतात. नाव पडण्याचं कारण साधं आहे. जुन्या इमारतीच्या भिंतीला भेग दिसली की मामा त्या भेगेवर आडवी एक काच बसवतो. दवाखान्यात रक्त तपासायला बोटभर लांबीची पातळ काचपट्टी वापरतात, तीच. दोन्ही टोकांना सिमेंटचा नाण्याएवढा ठिपका, मध्ये काच, काचेखाली भेग. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. ती वाकत नाही, ताणली जात नाही, सरळ तडकते. मामाला काचेचं हेच आवडतं. ‘माणूस भिडेखातर खोटं बोलतो, काचेला ते जमत नाही,’ असं तो म्हणायचा. हल्ली म्हणत नाही.

सिमेंट ओलं असतानाच तो त्यात खिळ्याने तारीख कोरतो. काच किती दिवस टिकली ते कळावं म्हणून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तो ही तारीख अंगठ्याने वाचतो. गावात त्याच्या अशा पंचेचाळीस काचा आहेत: शाळेत, दवाखान्यात, बाजाराच्या छपराखाली, बँकेच्या जिन्यात, आणि मी जिथे काम करते त्या सभागृहात. रोज सकाळी अर्ध्या बघायच्या, उरलेल्या दुसऱ्या दिवशी. वहीत नंबर लिहून पुढे एकच शब्द, ‘शाबूत’ किंवा ‘गेली’. ‘गेली’ लिहिलं की त्या इमारतीच्या मालकाचं काही खरं नसतं. मामा त्याच्या दारात जाऊन बसतो, आणि भिंतीला टेकू लागेपर्यंत उठत नाही. मामी होती तेव्हा म्हणायची, ‘माझ्या गुडघ्यांची एवढी विचारपूस केली असती तर मी आज पळत असते.’

यंदापर्यंत बत्तीस वर्षांत त्याने अकरा वेळा ‘गेली’ लिहिलं आणि अकरा वेळा टेकू लागले. त्या अकरा इमारतींत आजही माणसं जेवतात, भांडतात, झोपतात. त्यांना हे माहीतही नसेल. न पडलेल्या भिंतीची बातमी कोण छापणार?

हे त्याने का सुरू केलं ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझे वडीलही गवंडी होते. ते आणि मामा, म्हणजे मेहुणा-मेहुणा, एकाच परातीतला माल घेऊन काम करायचे. एका गोदामाच्या भिंतीला भेग गेली होती. मालकाला घाई होती, दुसऱ्या दिवशी कुणी मोठा माणूस बघायला येणार होता. मामाने भेग लिंपून वर हात फिरवून भिंत गुळगुळीत करून दिली. सकाळी वडील त्या भिंतीला टेकून डबा खात होते, तेव्हा ती त्यांच्यावर आली. मी सात वर्षांची होते. संध्याकाळी मामा आमच्या दारात आला, आत न येता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि आईला म्हणाला, “ताई, भेग मी लिंपली होती.” कुणी विचारलं नव्हतं. न सांगता राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. आईने दार लावून घेतलं. ते दार दोन वर्षं त्याच्यासाठी उघडलं नाही. तरीही तो रोज सकाळी ओसरीवर भाजी ठेवून जायचा आणि आमच्या घराच्या भिंती बाहेरून बघून घ्यायचा.

मी मोठी झाले, सभागृहाची व्यवस्था माझ्याकडे आली, त्याला आता सोळा वर्षं झाली. दर वर्षी आमची समिती गावातल्या एका माणसाला पदक देते. पूर्वी सुईणीला दिलं, पाणी सोडणाऱ्याला दिलं, पस्तीस वर्षं एकच वर्ग शिकवणाऱ्या बाईंना दिलं. सुईणीच्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं आली होती, त्यातली सहा तिच्याच घरची. अध्यक्षांना ते लागलं होतं. यंदा ते बैठकीला फोन हातात धरूनच आले आणि म्हणाले, “यंदा गर्दीचा माणूस बोलावू.”

गर्दीचा माणूस म्हणजे धपधप. पोरगा एकवीस-बावीस वर्षांचा. त्या बैठकीच्या तीन आठवडे आधी त्याला त्याच्या गल्लीतही कुणी विचारत नव्हतं. मग त्याने बाजारातून उलटं चालत जातानाचा स्वतःचा व्हिडिओ टाकला. मध्येच थांबायचं, डावा पाय तीनदा धपधपधप आपटायचा, आणि समोरच्यांनीही तसाच आपटून उत्तर द्यायचं. एवढंच. लाखो लोकांनी ते बघितलं. का बघितलं ते मला विचारू नका, माझ्या धाकट्या मुलीला विचारा, ती घरात जेवतानाही पाय आपटत होती.

आमच्या सभागृहाला वर बाल्कनी आहे. तिच्या मधल्या तुळईचं टोक खाली अडगळीच्या खोलीत मागच्या भिंतीत शिरतं, आणि शिरतं तिथूनच एक भेग खाली उतरते. त्या भेगेवर मामाची एकतीस नंबरची काच. तिच्यापायी बाल्कनीत ऐंशीच्या वर माणसं बसवायची नाहीत असं ठरलेलं होतं. यंदा खालच्या खुर्च्या पाहुण्यांनी आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांनी भरल्या, म्हणून शाळेची तीनशे मुलं वर बसवायचं ठरलं. अध्यक्ष मला म्हणाले, “मामांना विचारून घ्या. त्यांनी हो म्हटलं की झालं.” एवढा त्याच्या शब्दाला मान होता, हे मी कबूल करते.

आता माझं काम.

कार्यक्रम शनिवारी होता. बुधवारी दुपारी मी खुर्च्या काढायला अडगळीच्या खोलीत गेले. रंगारी नुकतेच काम संपवून गेले होते. शाळेचा शिपाई शाळेच्या खुर्च्या पोचवायला आला होता, त्याच्या हातात बॅटरी होती. उजेड भिंतीवर पडला आणि मला दिसलं की एकतीस नंबरची काच मधोमध तडकली आहे.

त्याचा अर्थ काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात मुलं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. पण रंगाऱ्यांची शिडी तिथेच टेकवलेली होती. शिडी लागली असणार, मी स्वतःला सांगितलं. शिडी काचेपासून चांगली हातभर लांब होती. मामाला सांगितलं तर तो बाल्कनीला कुलूप लावणार, तीनशे मुलांच्या प्रवेशाच्या चिठ्ठ्या वाटून झालेल्या, अध्यक्ष माझ्या डोक्यावर बसणार, आणि हे सगळं एका शिडीमुळे. मामा काचांचं एक पाकीट माझ्या टेबलाच्या खणातच ठेवायचा. मी एक काच आणली. सिमेंट कालवायला वेळ नव्हता, रंगाऱ्यांची पुट्टी उरली होती, तीच दोन्ही टोकांना लावली. तारीख कोरायचं मनातही आलं नाही. शिपाई बॅटरी धरून उभा होता. म्हणाला, “बाई, आता कशी छान दिसते.” मला तेव्हा त्याचं बरं वाटलं. मामाला उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या झाला, परवा झाला, मी सांगितलं नाही.

मामा त्या आठवड्यात खोकल्याने घरीच पडून होता, फेरीला निघाला नव्हता; शनिवारी सकाळी तो बघायला आला. खोलीत खुर्च्यांची चळत लागली होती, त्याला भिंतीपर्यंत जाता येईना. त्याने लांबूनच बॅटरी मारली.

“ही पुसली का कुणी? चकाकते आहे.”

“रंगकाम झालं ना, सगळंच पुसलंय,” मी म्हणाले.

“तू जवळून बघितलीस ना?”

“बघितली.”

त्याने मान डोलावली. वहीत ‘शाबूत’ लिहिलं, बाहेर जाऊन अध्यक्षांना म्हणाला, “उघडा बाल्कनी. पोरांना बसवून ठेवा म्हणजे झालं.” तो माझ्या शब्दावर गेला. बत्तीस वर्षांत त्याने न हाताळता शाबूत लिहिलेली ती पहिली काच.

अकरा वाजता सभागृह इतकं भरलं की दारं लावता येईनात. माझी धाकटी वर तिसऱ्या रांगेत होती, मला बघून हात हलवत होती. भाषणं झाली. अध्यक्षांनी धपधपला ‘गावाचं भूषण’ म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला, पाठमोरा झाला, आणि डावा पाय आपटला. धपधपधप. वरून तीनशे पायांनी उत्तर दिलं.

मी मंचाच्या कडेला उभी होते. दुसऱ्यांदा पाय आपटले तेव्हा पंख्याच्या दांडीवरून धूळ पडली. तिसऱ्यांदा आपटले तेव्हा बुधवारची ती काच माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि शिडी किती लांब होती तेही. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी मंचाची कड धरून उभी राहिले.

मामा शेवटच्या रांगेमागे, अडगळीच्या खोलीच्या दाराशीच बसला होता. तो उठून आत गेलेला मला दिसला. नंतर त्याने सांगितलं तसं लिहिते. त्याच्या खांद्यावर चुन्याची भुकटी पडली म्हणून तो उठला. एकेक खुर्ची बाजूला करत भिंतीपर्यंत गेला आणि सवयीने ठिपक्यावर अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच लागलं नाही. तारीख नव्हती. ठिपका गुळगुळीत होता आणि मऊ. काच अखंड होती, पण एका टोकाने पुट्टीत सरकलेली होती, काड्यापेटीच्या दोन काड्या मावतील एवढी. सिमेंट असतं तर ती कधीच तडकली असती. पुट्टीने तिला गप्प बसवलं होतं.

तो माणसांतून वाट काढत माझ्याकडे आला. चेहरा इतका शांत की मला त्याचीच भीती वाटली.

“पोरी, ती काच मी लावलेली नाही.”



“वरची पोरं खाली आणायची. पळू द्यायची नाहीत. पळाली तर आत्ता येईल खाली.”

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी हातानेच ‘नंतर’ असं सांगितलं. मामा तोपर्यंत मंचावर चढला होता. ध्वनिक्षेपकापर्यंत पोचला, तर एका स्वयंसेवकाने त्याचा दंड धरला. समोर हशा पिकला. शंभर फोन वर झाले. खोकल्याने मामाचा आवाज बसलेला, तो काय बोलतोय ते पहिल्या रांगेलाही ऐकू जात नव्हतं. “म्हातारबाबा, तुम्हीपण आपटा पाय,” कुणीतरी ओरडलं.

धपधप पाठमोरा होता, तो वळला. मामाने त्याच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगितलं ते मला शेजारी उभं राहून ऐकू आलं. “वर तीनशे पोरं आहेत, ती फक्त तुझं ऐकतील. बाल्कनी सुटतेय. तू घाबरलास तर ती पळतील.”

त्या पोराबद्दल मी कितीही तोंड वाकडं केलं असलं तरी हे खरं आहे ते लिहिते. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला, आणि तरी तो हसला. ध्वनिक्षेपकात म्हणाला, “आता उलटा खेळ. ज्याच्या पावलाचा आवाज येईल तो बाद. सगळ्यात मागची रांग उठा. मांजरासारखं खाली या. मी ऐकतोय.”

सभागृह शांत झालं. मी बाल्कनीच्या जिन्याशी गेले. मुलं बोटांवर चालत, तोंडावर हात ठेवून, हसू दाबत खाली येत होती. एकेक रांग. खालच्या माणसांना वाटलं की हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. मी बाहेर काढायची आणि मोजायची. चाळीसच्या आसपास कुणीतरी शिंकलं आणि मुलं थांबली. लाकडाचा एक लांब, ओला आवाज आला. धपधप म्हणाला, “शिंक माफ. चला.” माझी धाकटी खाली आली तेव्हा मी तिचा हात इतका जोरात धरला की तिने नंतर मला वळ दाखवले. पण ती माझ्या हातात आली म्हणून मला मोकळं वाटलं नाही. वर अजून निम्मी मुलं होती.

नऊ मिनिटं लागली. त्या नऊ मिनिटांत मामा कुठे होता ते कुठल्याच फोनमध्ये नाही. तो परत अडगळीच्या खोलीत गेला होता. तुळईच्या बरोबर खाली, भिंतीला तळहात लावून उभा होता. मी नंतर विचारलं, तू तिथे उभा राहून काय करणार होतास? म्हणाला, “हातानं ती धरवणार नव्हती, पण सुटायच्या आधी हाताला कळलं असतं. मी ओरडलो असतो.”

त्याने खालचीही माणसं बाहेर काढायला लावली. अध्यक्ष चिडले होते, “कुठे काय पडलंय?” असं विचारत होते. मामाने दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पायरीवर बसला. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी आतून आवाज आला. बाल्कनीची डावी बाजू खालच्या रिकाम्या खुर्च्यांवर आली होती. आम्ही दार उघडलं तर धुळीपलीकडे काही दिसत नव्हतं. अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते, पाचावर धारण बसलेली, हातातला पदकाचा डबा उघडझाप करत होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ‘धपधपने वाचवले तीनशे जीव.’ चाळीस लाख लोकांनी बघितलं. मामा त्यात एकदाच दिसतो, दंड धरून बाजूला केलेला, आणि तेवढा तुकडा वेगळा काढून त्यावर हसणारेही पुष्कळ आहेत. धपधप एकदा मामाच्या घरी आला, सरळ चालत. म्हणाला, “आजोबा, तुमचा व्हिडिओ करू का? लोकांना खरं कळू दे.” मामा म्हणाला, “माझा नको, काचांचा कर.” त्याने केला. आठशे लोकांनी बघितला.

समितीने लगेच दुसरा कार्यक्रम ठरवला, धपधपलाच शौर्यासाठी वेगळं पदक, या वेळी शाळेच्या खालच्या दालनात. मामाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला एकच गोष्ट खात होती. “एक काच कुणीतरी बदलली. मग बाकीच्या चव्वेचाळीस माझ्या आहेत कशावरून?” दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक काचेवर अंगठा फिरवत निघाला, विचारपूस करत दिवसाला चार-पाचच काचा. बॅटरी आणि स्टूल घेऊन मी बरोबर. जिथे जाईल तिथे तो विचारायचा, इथली काच कुणी हलवली होती का? सभागृहातली कुणी बदलली, तुम्हाला माहीत आहे का? लोक मान हलवायचे. मीही त्यांच्यात उभी राहून मान हलवायचे.

असे नऊ दिवस. रोज सकाळी त्याच्या दाराशी जाताना मी ठरवायची की आज सांगायचं. रोज दुपारी घरी येऊन हात धुताना मला वडिलांचा डबा आठवायचा. मामाने त्याच संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं होतं. मला नऊ दिवस पुरले नाहीत. मला माझीच किळस येत होती, हे स्पष्ट लिहिते.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत गेलो. शाळा भरायला वीस मिनिटं होती. एकोणीस नंबरची काच फाटकाजवळच्या भिंतीवर, दालनाच्या अगदी बाहेर. दालनावर दोन मजले वर्ग. कार्यक्रमासाठी भिंत नव्याने रंगवली होती. मामाने अंगठा फिरवला. तो थांबला. परत फिरवला. मग माझा हात धरून माझा अंगठा तिथे टेकवला.

गुळगुळीत. पुट्टी.

“ही पण,” मामा म्हणाला.

ही मी लावलेली नव्हती. मी शपथेवर सांगितलं असतं. शिपाई फाटक उघडायला आला होता, मामाने त्याला विचारलं. तो बिचारा एकदम खुलला.

“मीच बदलली, मामा. तडकली होती, पाहुणे येणार, वाईट दिसत होती. बाईंनी सभागृहातली बदलली तेव्हा बॅटरी मीच धरली होती. तशीच केली. नीट लागलीये ना, बाई?”

मला कुठे बघावं ते कळेना. मी मामाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता.

“मामा, एकतीस नंबर मी बदलली,” मी म्हणाले. “बुधवारी. तडकलेली होती. मला माहीत होतं.”

रस्त्याच्या टोकाला मुलं दिसायला लागली होती. मामाने खिशातून घड्याळ काढून बघितलं.

“फाटक लाव,” तो म्हणाला.

मी फाटक लावलं, साखळी घातली आणि पाठ लावून उभी राहिले. मुलं आली, आया आल्या, मुख्याध्यापक आले. सगळे मला शिव्या घालत होते आणि मी दर माणसाला तेच सांगत होते: काच तडकली होती, ती लपवली, सभागृहातली मी लपवली होती. पंधरा-वीस वेळा सांगितलं असेल. दुपारी मोजणी झाली तेव्हा ती भिंत तीन बोटं बाहेर आलेली निघाली. टेकू लागले. मुलांना आठ दिवस सुट्टी मिळाली, त्यांनी मामाला धन्यवाद दिले ते त्याबद्दल. कुणीच त्याचा व्हिडिओ काढला नाही.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही. दार लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. आता आम्ही दोघं रोज फिरतो. अर्ध्या काचा तो बघतो, अर्ध्या मी, सगळ्या एकाच दिवसात. चौकात भेटलो की तो विचारतो, “तू बघितलीस ना?” मी म्हणते, “बघितली.” तो मान डोलावतो, पूर्वीसारखीच. आणि मग माझ्या वाटणीच्या सगळ्या काचांकडे एकेक करून स्वतः जातो, प्रत्येकीवर अंगठा फिरवतो. छातीला हात लावत, थांबत थांबत. या वयात त्याला माझ्यामुळे दुप्पट चालावं लागतं, आणि मला नको म्हणायला तोंड नाही.

आता अध्यक्षांना एकदम मामा आठवला आहे. रविवारी पदक, मानपत्र, भाषणं. ठीक आहे. पण काल सकाळी सात नंबर गेली. सात नंबर म्हणजे दवाखान्यातल्या प्रसूतिगृहाचा मागचा जिना. वर जायला दुसरी वाट नाही आणि वर आत्ता सहा बाळंतिणी आहेत. मी मामाला ‘गेली’ म्हणून सांगितलं, त्याने जाऊन अंगठा फिरवला, गेलीच होती. त्याची तारीख होती, त्याचं सिमेंट होतं. आम्ही दोघं तिथूनच अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, “रविवारचं होऊन जाऊ द्या मामा, सोमवारी बघू.”

म्हणून हा परिचय शुक्रवारी न देता आज, बुधवारीच देते आहे. मामा काल दुपारपासून त्या जिन्याखाली स्टूल टाकून भिंतीला हात लावून बसला आहे. जेवायलाही उठला नाही, मी डबा नेऊन दिला. त्याचा निरोप असा: पदक नको, मानपत्र नको, दहा टेकू आणि चार गवंडी पाठवा. मी माझं एक वाक्य जोडते. हे वाचून झालं की कागद खाली ठेवा आणि निघा.